बिनमिशीचे बाबा, न दिसणारी आई

आत्मचरित्र लिहायचं हे तुझं वय आहे का, असं माझी मुलगी विचारते, तेही इंग्रजीत आणि फोनमधून डोकं वर न काढता. तिला काय सांगणार? आमच्याकडे आखातात वय वर्षांत नाही, व्हिसांत मोजतात, आणि माझ्या जुन्या पासपोर्टांत इतके व्हिसा चिकटलेले आहेत की त्या हिशेबाने मी केव्हाच शंभरी ओलांडली. तेव्हा म्हातारपणी लिहावं तसं मी हे निवांत लिहिणार. काबुकीची गोष्ट तर लिहायलाच हवी, कारण आई ती सांगत नाही, बाबा सांगतात ती साफ खोटी असते, आणि मी सांगते तीही थोडी खोटी असते, पण ऐकायला बरी असते.

तेव्हा आम्ही अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत व्हिलात राहायचो. ‘व्हिला’ म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे कारंजी उडायची, म्हणून आम्ही पुढचं कधी सांगितलं नाही. मालकाने एका व्हिलाचे प्लायवूड ठोकून आठ तुकडे केले होते आणि आमच्या वाट्याला त्याचा मजलिस, पाहुणे बसवायचा दिवाणखाना, आला होता. म्हणजे स्वयंपाकघर जिन्याखाली, न्हाणीघर कपाटाएवढं, पण डोक्यावर सोनेरी वेलबुट्टी आणि राजवाड्यात शोभेल असलं झुंबर. त्या झुंबराखाली सतरंजी टाकून आम्ही वरणभात खायचो. वेलबुट्टीला फोडणीचा वास लागून ती हळूहळू पिवळी पडत गेली. मालक एकदा भाडं न्यायला आला तेव्हा वर बघून खूश झाला, म्हणाला, सोनं अजून टिकून आहे, माशाल्ला.

बाबा फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर. आठवडाभर तिकडेच राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी डिकीत सुरमई घेऊन घरी यायचे. पंपांच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळे त्यांचा आवाज असा की नुसतं ‘मीठ दे’ म्हणाले तरी समुद्रात नांगरलेले टँकर सावध व्हायचे. माझा आवाज त्यांच्याकडूनच आला. ते गाडी लावता लावता पार्किंगमधून ‘मिनू!’ अशी हाक मारायचे आणि आठही तुकड्यांतून आठ देशांची माणसं दार उघडायची. वाऱ्यात, उन्हात, एसीत, कुठेही त्यांचा घसा बसल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आई मात्र हळू बोलायची. ती मिरजेची. तिच्या वडिलांचं पेट्रोमॅक्सच्या बत्त्या भाड्याने देण्याचं दुकान होतं. लग्नाला, वरातीला आणि गावात येणाऱ्या नाटक कंपन्यांना त्यांच्याच बत्त्या जायच्या, म्हणून अख्खी मिरज त्यांना ‘बत्तीवाले’ म्हणायची. बत्त्यांबरोबर आईही जायची, विंगेत बसायची, आणि पुढे कॉलेजात असताना ती स्वतः नाटकांत उभी राहायला लागली. तिने एका प्रयोगात असा काही हुंदका दिला होता म्हणे, की पुढच्या रांगेतले मामलेदार उठून घरी गेले आणि बायकोची माफी मागून आले. मग लग्न झालं, अबू धाबी आली, आणि पासपोर्टवर शिक्का बसला की ही बाई गृहिणी आहे, हिला काम करायची परवानगी नाही. सरकारचा अर्थ नोकरीपुरता होता. आमच्या इथल्या मराठी मंडळाने तो नाटकालाही लावला, पण ते पुढे येईलच.

काबुकी, ही जपानी नाटकाची एक जात, आमच्या घरात आणली मोरी-साननी. हे बाबांचे जपानी दोस्त, जहाजातलं तेल मोजून सही करायची हे त्यांचं काम. काटकुळे, चष्मेवाले, आणि थालीपिठाच्या बाबतीत अजिबात भरवसा ठेवण्यासारखे नाहीत. एका शुक्रवारी आईच्या हातची पाच-सहा थालीपिठं उडवल्यावर त्यांना घरची आठवण आली असावी, कारण त्यांनी आम्हाला एका नाटकाची गोष्ट सांगितली. मूळ नाटक फार फार जुनं, मुखवटा घालून करायचं आणि इतकं संथ की नट रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत आपला साखरभात होऊन निवतोसुद्धा. त्यात एक म्हातारी समुद्रकाठी रोज संध्याकाळी जाळ पेटवते, तिचा नवरा होडी घेऊन गेलेला असतो. एक वाटसरू येऊन तिच्याशी बोलतो, आणि शेवटी त्याला कळतं की म्हातारी कधीच मेलेली आहे, जाळ तेवढा पेटतोय. संपलं नाटक. मग अलीकडे कुणीतरी त्याची काबुकी केली. मुखवटा काढला, तोंडं रंगवली, ढोल आणले, मारामारी आणली, आणि म्हातारीला जिवंत केलं. आता एक उमराव येतो आणि म्हणतो, शत्रूची गलबतं खडकावर फुटायला हवीत, जाळ विझव. ती विझवत नाही.

पुढच्या खेपेला मोरी-साननी त्या प्रयोगाची सीडी आणली. आईने ती इतक्या वेळा लावली की शेवटी ती झिजून तिच्यातून पलीकडची भिंत दिसायला लागली. महिन्याभरात तिने ते मराठीत लिहून काढलं. लिहिलं म्हणजे बोलून बोलून लिहिलं. कुकरची एक शिट्टी झाली की उमराव धमकी द्यायचा, दुसरी झाली की म्हातारी उत्तर द्यायची, आणि संवाद लांबला तर त्या दिवशी डाळीचा लगदा. एक वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणायची, पोळी लाटताना, इस्त्री करताना, गच्चीवर कपडे वाळत घालायला जिना चढताना: “वाट बघणारी बाई मी नव्हे. मी उजेड धरून उभी आहे.” मी तेव्हा सोळा वर्षांची आणि अत्यंत शहाणी होते. म्हटलं, “आई, इट्स सो ड्रॅमॅटिक.” ती म्हणाली, “नाटक आहे ते, बाळा.”

हे नाटक मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात करायचं ठरलं आणि इथे सबनीस काका आले. सबनीस काका मंडळाचे सेक्रेटरी. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये कुठल्याशा आयटी कंपनीत मॅनेजर. शंभरेक किलोमीटर गाडी हाकून ते आमच्या झुंबराखाली मीटिंगला यायचे, बरोबर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर. आईच्या पांढऱ्या चादरीवर त्यांनी काबुकीचं प्रेझेंटेशन दाखवलं. आमच्या मंडळात गणपतीच्या मोदकांचंही प्रेझेंटेशन होतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. चौथ्या स्लाइडवर ते थांबले आणि जड अंतःकरणाने म्हणाले की काबुकीत बायका काम करत नाहीत, स्त्रीपार्टही पुरुषच करतात, आणि आपण करायचं तर ऑथेंटिक करायचं. आपल्याकडेही पूर्वी पुरुष शालू नेसून उभे राहायचेच की.

बटाटेवड्यांचं ताट हातात घेऊन आई दारातच उभी होती. ती भूमिका तिने कुणासाठी लिहिली होती हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, झुंबरालासुद्धा.

“मग लिहितात का हो बायका?” आईने विचारलं.

“त्याबद्दल काही दिलेलं नाही, वहिनी,” सबनीस काका म्हणाले.

कोपऱ्यातून मोरी-साननी हळूच सांगून पाहिलं की काबुकी मुळात एका बाईनेच सुरू केली अशी हकीकत आहे. ते पहिल्या स्लाइडवर आहे, सबनीस काका म्हणाले, आपण आता चौथ्यावर आहोत.

म्हातारीचं काम बाबांना मिळालं. कारण एवढंच की त्यांना नाही म्हणता येत नाही. उमरावाचं काम सबनीस काकांनी, फार आढेवेढे न घेता, स्वतःकडे घेतलं. आईला काहीतरी द्यायला हवं म्हणून तिला कुरोको केलं. काबुकीत डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यातली, तोंडावरही काळा पडदा घेतलेली माणसं रंगमंचावर वावरत असतात. नटाच्या हातात वस्तू देतात, पोशाख सावरतात, लांब काठीला दिवा लावून त्याच्या तोंडावर उजेड धरतात. ही माणसं नाहीतच असं समजायचं, हा तिथला रिवाज. दिसतात, पण दिसत नाहीत. आई म्हणाली, जमेल मला, सवय आहे. सबनीस काकांना वाटलं ती स्पोर्टिंगली घेते आहे.

आणखी एक रिवाज होता आणि तो सगळ्यांना फारच आवडला. काबुकीत ऐन रंगात आलं की मागच्या रांगेतून जाणकार प्रेक्षक नटाच्या घराण्याचं नाव मोठ्याने पुकारतात. झालं, प्रत्येकाला घराणं हवं झालं. सैनिकाचं काम करणारे एकजण मस्कतहून बदली होऊन आले होते, त्यांनी ‘मस्कतवाले’ मागितलं. सबनीस काकांचं, पुण्याच्या शनिवार पेठेवरून, ‘शनिवारवाले’ ठरलं. बाबांचं गाव नेरूर, म्हणून ‘नेरूरवाले’. आई वडे वाढता वाढता म्हणाली, आम्हाला मिरजेत बत्तीवाले म्हणायचे. ते कुणी लिहून घेतलं नाही, कारण न दिसणाऱ्याला घराणं नसतं. पुकारायचं काम अर्थातच मला मिळालं. माझी निवड झाल्यावर मंडळाचं माइकचं भाडं वाचलं, असं सबनीस काका आभाराच्या भाषणात म्हणाले होते.

काळे कपडे शिवायला आम्ही परकार चाचांकडे गेलो. ते रत्नागिरीकडचे, मुसफ्फात त्यांचं अबायाचं, बायकांच्या काळ्या झग्यांचं, दुकान होतं. काबुकी म्हणजे काय ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, माप घेतलं आणि टेप गळ्यात अडकवून म्हणाले, “भाभी, सगला लिहिलाव तुमी, नि आता तुमालाच झाकायचा? कापड चांगला लावतो. दम लागता नये, आवाज अडकता नये.” आई म्हणाली, आवाजाचं काय करायचंय, चाचा. ते म्हणाले, कपडा शिवणाऱ्याने सगळा विचार करायला लागतो.

पुढचे सगळे शुक्रवार आई बाबांना म्हातारी शिकवत होती. गुडघे जवळ, पाऊल घासत, मान आधी, डोळे नंतर. बाबा किमोनोत चालले की क्रेनने कंटेनर उतरवल्यासारखं दिसायचं. आई परत उठायची, परत चालून दाखवायची, आणि ती चालली की जिन्याखालच्या त्या बोळात खरोखरच समुद्र यायचा. बाबा बघत उभे राहायचे. कितीदा तरी स्वतःची पाळी आली आहे हे ते विसरायचे. मग मिशी काढायचा दिवस आला. ती मिशी लग्नाच्या आधीपासूनची. काढल्यावर बाबांचा वरचा ओठ इतका गोरा निघाला की घरातला दिवा लावायची गरज उरली नाही. शनिवारी टर्मिनलच्या गेटवर पठाण सिक्युरिटीवाला कार्डावरचा फोटो आणि बाबा आलटून पालटून बघत राहिला. ‘ये आप का बड़ा भाई है,’ तो फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, ‘उस को भेजो.’ शेवटी बाबांनी गेटवर एक आरोळी ठोकली, तेव्हा आवाजावरून ओळख पटली.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता, शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर. प्रेक्षकांच्या मधून रंगमंचाकडे जाणारी लांब वाट प्लायवूडची बांधली होती. मंडळाच्या मुलांनी तिला ‘रॅम्प’ म्हणून टाकलं आणि फॅशन शो कधी सुरू होणार असं इंग्रजीत विचारत राहिली. मागच्या बाजूला वड्यांचा घाणा, त्यामुळे जपानच्या किनाऱ्यावर लसणीच्या चटणीचा वास. पडद्याआधी सबनीस काका उमरावाच्या पोशाखात पुढे आले आणि त्यांनी सूचना दिली. काळ्या कपड्यातली व्यक्ती दिसली तरी ती नाही असं सर्वांनी कृपया समजावं. टाळ्या वाजवू नयेत, हात करू नये, ओळखीची असल्यास नावाने हाक मारू नये. हा काबुकीचा मूलभूत नियम आहे. दोनदा सांगितलं, एकदा मराठीत, एकदा मुलांसाठी इंग्रजीत.

बाबा त्या वाटेवरून आले तेव्हा पिठात पडलेल्या मांजरासारखे दिसत होते, पण चालले बरे. मागून आई, काळी सावली, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला बॅटरीचा दिवा. खरी ज्योत लावायला शाळेने परवानगी दिली नव्हती. दिवा बाबांच्या तोंडासमोर, जराही न हलता. पहिला अंक पार पडला. दुसऱ्यात उमराव तलवार उपसून गरजला की जाळ विझव म्हातारे, कुणाची वाट बघतेस. ढोल वाजला, थांबला. बाबांनी मान वळवली, मग डोळे, अगदी शिकवलं होतं तसं. तोंड उघडलं. आणि आतून उंदराने दार कुरतडावं तसला एक आवाज आला.

बाबांनी घशाला हात लावला. परत तोंड उघडलं. आता तेवढंही नाही. हॉलमध्ये कुणाच्या तरी खुर्चीचा पाय कुरकुरला. आईचं नाटक, आईचं ते वाक्य, आणि ते तिथे, त्या रंगवलेल्या तोंडात अडकून बसलं होतं. सबनीस काका तलवार वर धरून उभे, घाम त्यांच्या भुवयांचा काळा रंग गालावर आणत होता. त्यांनी धमकी पुन्हा एकदा म्हटली, जरा हळू, विनंतीच्या सुरात.

आणि मग काळ्या कपड्यातून उत्तर आलं.

आई दिवा धरून गुडघ्यावर बसलेली होती. आधी ती बाबांच्या मागून बोलत होती आणि बाबा ओठ हलवत होते. दोन-तीन वाक्यांनंतर बाबांनी ओठ हलवायचं सोडलं. मान खाली घातली आणि एक पाऊल बाजूला झाले, इतकं सावकाश, की त्या जुन्या मुखवट्याच्या नाटकातही जमलं नसतं. आई उभी राहिली. दिव्याची काठी बाबांनी कधी हातात घेतली ते मला दिसलं नाही, पण आता उजेड त्या काळ्या पडद्यावर होता, आणि पडदा तिच्या श्वासाने हलत होता. परकार चाचांचं कापड एक अक्षर अडवत नव्हतं. ज्या बाईला घरात तीनदा ‘काय म्हणालीस’ विचारावं लागायचं, तिचा आवाज शेवटच्या रांगेत मला छातीवर हात ठेवल्यासारखा लागला. सबनीस काका दातांतल्या दातांत म्हणाले, “वहिनी, तुम्ही दिसताय.” पहिल्या रांगेने ऐकलं ते. पण करणार काय? त्यांच्याच नियमाप्रमाणे समोर कुणी नव्हतं. नसलेल्या बाईला रंगमंचावरून उतर कसं म्हणायचं? त्यांनी पुढची धमकी दिली, आणि खरं सांगायचं तर, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना काम जमलं, कारण ते मनापासून घाबरले होते.

माझ्या पुकारण्याची जागा जवळ येत होती. त्या मोठ्या वाक्याच्या नेमकं आधी, ती मान वळवेल तेव्हा. ‘नेरूरवाले’ असं शंभर वेळा घोकलेलं. आईने मान वळवली. डोळे पडद्याआड, पण ते नंतर वळले हे मला कळलं. मी खुर्चीवर चढले, जन्मभर साठवलेला सगळा आवाज एकत्र केला, आणि ओरडले:

“बत्तीवाले!”

आई थबकली. मला वाटलं मी सगळं घालवलं. मग पडद्याआडून ती म्हणाली, अगदी सावकाश, “वाट बघणारी बाई मी नव्हे. मी उजेड धरून उभी आहे.”

टाळ्या वाजवू नयेत ही सूचना तिथेच मेली. वन्स मोर आला. जपानी नाटकाला वन्स मोर द्यायचा नसतो हे सांगायला कुणी उरलं नव्हतं, आणि आईने तो दिला. मी सांगते तेव्हा ती सात वेळा देते. खरं तर दोनदाच.

प्रयोगानंतर सबनीस काका, अर्धी भुवई गालावर, मोरी-सानना गाठून माफी मागू लागले. ऑथेंटिक करायचा फार प्रयत्न केला, पण शेवटी एक बाई रंगमंचावर बोललीच, त्याबद्दल मंडळातर्फे दिलगीर आहे. मोरी-साननी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फार नम्रपणे विचारलं, “कोणती बाई? मी पहिल्या रांगेत होतो. मला तर काळ्या कपड्यातलं कुणीच दिसलं नाही.”

सबनीस काकांनी पुढच्या वर्षीच्या प्रेझेंटेशनमधून चौथी स्लाइड काढून टाकली. ते आता माझ्याच इमारतीत, सिलिकॉन ओएसिसला, दोन मजले खाली राहतात. लिफ्टमध्ये भेटले की ‘बत्तीवाल्या बाई कशा आहेत’ म्हणून विचारतात आणि मला अजूनही माइक लागत नाही याची खात्री करून घेतात. बाबांना मात्र तुम्ही आजही विचारलंत तर ते सांगतील की त्या आठवड्यात फुजैराला वारा फार होता, घसा बसला होता, त्याला ते तरी काय करणार. मिशी परत आलेली आहे आणि हे सांगताना ते तिच्यावरून हात फिरवतात.

पण मी त्या संध्याकाळी गाडीत होते. मगरीबची बांग होत होती. घराजवळच्या कॅफेटेरियापाशी बाबांनी करक चहासाठी गाडी थांबवली, नेहमीसारखा हॉर्न दिला. पुढे बाबा, अजून पांढऱ्या तोंडाचे, केसांचा अंबाडा जरा कलंडलेला. शेजारी मोरी-सान. मागे मी, आणि माझ्या बाजूला आई, काळ्यातच, तोंडावरचा पडदा तेवढा वर टाकलेला, घामाने चिंब, हसू दाबत. कॅफेटेरियावाला आत होता, हॉर्नने काही बाहेर येईना. बाबांनी काच खाली केली, बाहेर डोकं काढलं आणि टँकर नांगर उचलून निघून जातील अशा आवाजात हाक दिली:

“भाई! चार करक! एक में चीनी कम!”

काच वर गेली. मोरी-सान समोरच्या टायरच्या दुकानाची पाटी, अरबीतली, मन लावून वाचू लागले. मी आईकडे पाहिलं. ती बाबांच्या मानेकडे बघत होती, जिथे पांढरा रंग संपून बाबा सुरू होत होते. बघता बघता तिने पडदा परत तोंडावर ओढून घेतला.

“मिनू,” मग ती म्हणाली, “तुझ्या बाबांना सांग, तीनच मागवा. मी इथे आहेच कुठे?”

बाबांनी घाईघाईने घशाला हात लावला, आणि दुपारचा तो उंदराचा आवाज कुठून कुठून शोधून परत आणला.

“चारच,” ते किरकिरले.